कच्च्या लिंबांच्या वतीने: बालसाहित्याच्या संपादकांना खुले पत्र

माननीय संपादक मंडळी,

स. न. वि. वि.

तुम्हीही कधीतरी लपाछपी खेळला असाल, त्यामुळे कच्चं लिंबू म्हणजे कोण हे मी सांगायला नको. घेतलं नाही तर भोकाड पसरेल म्हणून खेळात घेतलेलं ते सगळ्यांत बारकं पोर. ते पळतं, लपतं, ओरडतं. पण त्याला कुणी आउट करत नाही आणि त्याच्यावर राज्य कधी येत नाही. पहिले दोन दिवस ते खुशीत असतं. मग त्याला हळूहळू कळतं की आपण खेळतोय असं फक्त आपल्यालाच वाटतंय. एक दिवस ते येऊन म्हणतं, "मला पक्कं घ्या." म्हणजे मला आउट करा. हे पत्र त्या पोराच्या बाजूने लिहिलेलं आहे.

मी दहा ते तेरा वर्षांच्या मुलांचा एक वाचनगट चालवते. आठवड्यातून एकदा बसतो आणि एकच पुस्तक मोठ्याने वाचतो. रहस्यकथा असली की दर प्रकरणानंतर प्रत्येकजण संशयिताचं नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकतो. माझी एक मैत्रीण मुलांसाठी लिहिते. तिच्या नव्या कादंबरीत बंद पडलेलं एक दीपगृह आहे, पाच मुलं आहेत आणि लाकडी पटावर खेळायचा एक खेळ आहे. पटासोबत सात नियमांचं कार्ड येतं. नियम मोडेल तो बाद. बाद होणं म्हणजे काय, ते सहाव्या प्रकरणात कळतं: दीपगृहाचा म्हातारा रखवालदार जिन्याच्या तळाशी मेलेला सापडतो. नवव्या प्रकरणात पाच मुलांपैकी एक जातो. नेमका तो, ज्याच्या विनोदांना आपण तोवर हसत आलेलो असतो.

हे हस्तलिखित तुमच्यापैकी एकांकडे गेलं. नाव घेत नाही, कारण दुसरीकडे गेलं असतं तरी उत्तर फार वेगळं आलं नसतं असं मला वाटतं. हस्तलिखित पसंत पडलं, गोष्टीत फक्त दोन मोठे बदल सुचवले गेले. म्हातारा बेशुद्ध पडावा आणि मुलगा शेवटी सुखरूप सापडावा. शीर्षकातला 'जीवघेणा' हा शब्द मात्र तसाच ठेवावा, मुखपृष्ठावर उठून दिसतो.

मैत्रिणीने बदल केले. छापून यायचं तर एवढं करावं लागतं, म्हणाली. बदललेला मजकूर मी गटात वाचला. शेवटच्या प्रकरणात तो मुलगा कोठीच्या खोलीतून हसत बाहेर येतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. सगळे म्हणजे पुस्तकातले. गटात कुणीच वाजवल्या नाहीत. अकरा वर्षांच्या एका मुलीने चिठ्ठ्यांचा डबा स्वतःकडे ओढून घेतला आणि म्हणाली, "रडीचा डाव."

तिच्या त्या दोन शब्दांत माझं सगळं म्हणणं आलं आहे. पण तुम्ही मोठी माणसं आहात, तुम्हाला जरा लांबण लावून सांगावं लागेल.

तुमची काळजी मला समजते. मूल घाबरेल, झोपणार नाही, पालक फोन करतील. (तिसरी काळजी पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी असते, हे आपल्यातच ठेवू.) पण तुम्ही ज्या वाचकाची काळजी करता, तो माझ्यासमोर बसलेला वाचक नाही. मेलेलं माणूस परत येत नाही, मरण सगळ्यांना येतं, मेल्यावर शरीर काही करू शकत नाही, या गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळू लागतात. बालमानसशास्त्रात हे कित्येक दशकांपूर्वी नोंदलं गेलं आहे. तेव्हा अकरा वर्षांच्या मुलीपासून मरण लपवण्यात तुम्ही किमान चार वर्षं उशीर केला आहे.

आणि याच वयात त्यांना दुसरी एक गोष्ट कळू लागलेली असते. ज्याँ पियाजे हा स्विस मानसशास्त्रज्ञ मुलांबरोबर गोट्या खेळत बसायचा. गंमत म्हणून नव्हे. नियम कुठून आले, ते बदलता येतील का, असं तो मुलांना विचारत असे. त्याचं त्यावरचं पुस्तक १९३२ साली आलं. लहान मुलांना नियम वडीलधाऱ्यांनी घालून दिलेले आणि म्हणून अढळ वाटायचे, पण खेळताना तीच पोरं ते सर्रास मोडायची. अकरा-बारा वर्षांच्या आसपास मात्र चित्र पालटायचं. नियम आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेले असतात, सगळ्यांनी मान्य केलं तर बदलता येतात, पण एकदा ठरले की पाळायचे, हे मुलांना उमगायचं. खेळण्याइतकाच रस त्यांना नियमांत वाटू लागायचा. एका डावात उद्भवू शकतील अशा सगळ्या भानगडींसाठी आधीच नियम ठरवण्यात ती वेळ घालवायची.

आता बघा, जीवघेण्या खेळाची रहस्यकथा आपण नेमकी कोणत्या वयाच्या हातात देतो? याच. हे मूल पुस्तक उघडतं तेव्हा रक्त किती सांडलंय हे बघत नाही. नियमांचं कार्ड वाचतं. आमच्या गटातल्या तिघांनी ते सात नियम वहीत उतरवून घेतले होते. आणि तुम्ही अशा वाचकाला शेवटच्या प्रकरणात सांगता की नियम खोटे होते, कुणी बाद झालंच नव्हतं, ती सगळी मोठ्यांनी रचलेली गंमत होती. पंधरा प्रकरणं तो पक्का गडी म्हणून खेळला आणि सोळाव्यात तुम्ही त्याला सांगितलंत की बाळा, तू कच्चं लिंबू होतास.

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशी खूळ आहे, आपल्याकडे मुलांच्या गोष्टीत असलं नसतं. यक्षप्रश्न आठवून बघा. नकुल तळ्याकाठी जातो, आवाज येतो: आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं दे, मग पाणी पी. तो ऐकत नाही, मरून पडतो. मग सहदेव, मग अर्जुन, मग भीम. इशारा प्रत्येकाला मिळतो आणि प्रत्येकजण तो धुडकावतो. ही गोष्ट आपण सहा वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन सांगतो, आणि 'भीम बेशुद्ध पडला' असं म्हणायचं आपल्याला सुचतसुद्धा नाही. बरं, शेवटी चौघेही उठून बसतात. म्हणजे गोड शेवटाला माझा विरोध नाही हे लक्षात घ्या. पण तो शेवट फुकट मिळत नाही. युधिष्ठिर एकेका प्रश्नाचं उत्तर देतो. एकालाच जिवंत करता येईल असं यक्ष म्हणतो, तेव्हा तो भीमाला नाही, अर्जुनालाही नाही, नकुलाला मागतो. कुंतीचा एक मुलगा मी आहेच, माद्रीचाही एक राहू दे. त्या एका उत्तरानंतर बाकीचे तिघे परत येतात. मेलेला परत आणायचा तर असा आणावा. कोठीच्या खोलीतून नव्हे.

वेताळाचं तर विचारूच नका. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी चाललो झाडावर. यापेक्षा कडक नियम कुठल्या कादंबरीत आहे? रहस्यकथा म्हणून वाचलीत तर ती आणखी पक्की आहे. राजाला रोज एक फळ आणून देणारा भिक्षू, त्या फळात निघालेलं रत्न, रात्री स्मशानातून प्रेत आणायची विनंती: खेळ रचणारा कोण आणि का, याचे दुवे पहिल्या पानापासून समोर ठेवलेले आहेत. वाचक प्रेताकडे बघत राहतो आणि खरा धोका स्मशानात मंडल आखून बसलेला असतो. मला विचाराल तर मुलांसाठी रहस्यकथा लिहू इच्छिणाऱ्याला आधी ही चौकट गिरवायला लावावी.

दुवे समोर ठेवण्यावरून आठवलं. गेल्या शतकात इंग्रजी रहस्यकथाकारांनी या प्रामाणिकपणाचे चक्क नियमच केले होते. रोनाल्ड नॉक्स नावाचा एक कॅथलिक धर्मगुरू रहस्यकथा लिहायचा. त्याने १९२९ मध्ये दहा आज्ञा लिहिल्या. भुताखेताने गुन्हा उकलायचा नाही. गुप्त खोली किंवा भुयार एकापेक्षा जास्त नको. जुळा भाऊ आणायचा तर वाचकाला आधी तयार करा. गुप्तहेराला जो दुवा सापडला तो त्याच क्षणी वाचकालाही दाखवा. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब निघाला, फादर ब्राउनच्या कथा लिहिणारा चेस्टर्टन त्याचा पहिला अध्यक्ष. नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे, आणि त्या समारंभात एक कवटी असे. तिचं नाव एरिक. हे मी गटात सांगितलं तेव्हा पुढचा अर्धा तास कवटीवरच गेला. पण घरी जाताना एका मुलाने विचारलं, "दहा नियमांत कुणाला मारू नका असा एकही नाही?" नाही. त्या दहांतला एकही नियम मरणाला बंदी करत नाही. बंदी आहे ती वाचकाला फसवण्याला.

शेवट सौम्य करायचाच असेल तर तो नियमात राहून कसा करावा, याचाही दाखला आहे. आगाथा ख्रिस्तीच्या १९३९ च्या कादंबरीत दहा माणसं एका बेटावर अडकतात आणि एका बडबडगीतातल्या क्रमाने एकेक मरत जातात. उरत कुणीच नाही. १९४३ मध्ये तिने स्वतःच त्याचं नाटक केलं. रंगमंचावर गोष्ट सांगायलासुद्धा कुणी उरणार नाही ही अडचण होतीच. तिने दोघांना जगवलं, पण मनाला आलं म्हणून नाही. त्या बडबडगीताच्या शेवटच्या ओळीचं आणखी एक रूप प्रचलित होतं, त्यात शेवटचा गडी लग्न करतो. तिने ते घेतलं. खेळ गाण्याचा होता, सुटकाही गाण्यातूनच मिळाली. तुमच्या समासातल्या सूचनेत असा एखादा दुसरा चरण सुचवला असतात, तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

आणि मुलांसाठीच लिहिलेल्या पुस्तकाचं उदाहरण हवं असेल तर एलन रस्किनची 'द वेस्टिंग गेम' आहे, १९७८ ची. एका श्रीमंताचं मृत्युपत्र वाचलं जातं: माझा जीव तुमच्यापैकी एकाने घेतला, शोधा कुणी, जिंकेल त्याला वीस कोटी डॉलरची इस्टेट. सोळा वारस, आठ जोड्या, प्रत्येक जोडीला काही शब्द लिहिलेले वेगवेगळे कागद. पुढच्या वर्षी या पुस्तकाला अमेरिकेतलं बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं, आणि ते पदक ग्रंथपालांची संघटना देते, म्हणजे पालकांचे फोन घेणारीच माणसं. शेवट सांगत नाही. सांगितला तर आमचा गट मला बाद करेल. एवढंच म्हणते की त्यातही फसवणूक आहे, भरपूर आहे, पण पुस्तक संपल्यावर पहिल्या पानाकडे परत गेलात तर ती तिथे उघड्यावर पडलेली दिसते.

आता तुमच्या बाजूचं थोडं. २०१७ मध्ये 'ब्लू व्हेल' नावाचा ऑनलाइन खेळ मुलांना आत्महत्येकडे नेतो अशी भीती पसरली होती, तेव्हा मुलांच्या पुस्तकावर 'खेळ' आणि 'जीव' हे दोन शब्द शेजारी दिसले तरी घरोघरी धसका बसायचा. ज्या मृत्यूंशी त्या खेळाचं नाव जोडलं गेलं होतं, त्यांत त्याचा हात असल्याचं सिद्ध झालं नाही असं केंद्र सरकारने पुढे जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत सांगितलं. भीती पहिल्या पानावर आली होती, हे उत्तर कुठे छापून आलं ते बहुतेकांच्या लक्षातही नाही. तरीही त्या भीतीतून एक नियम मी स्वतःसाठी घेतला आणि तो तुम्हीही घ्यावा: पुस्तकातला जीवघेणा खेळ घरी खेळता येऊ नये. दीपगृह, पट, लोखंडी दार, भरतीचं पाणी, हे चालेल. कुठल्याही खोलीत, कुठल्याही दुपारी, एकट्या पोराला करून बघता येईल असं आव्हान चालणार नाही. स्वतःला इजा करायला लावणारी पायरी तर नकोच नको. इथे तुम्ही लेखकाचा मजकूर खुशाल कापा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

दुसरीही एक गोष्ट कापा, पण ती तुम्ही कधी कापत नाही. जीवघेण्या खेळाच्या पुष्कळ कथांत माणसं धावफलकासारखी मरतात. एक गेला, दोन गेले, उरले पाच. मेलेल्याचं नाव पुढच्या पानावर कुणी घेत नाही, कारण पुढचा दुवा सापडलेला असतो. हस्तलिखित वाचताना तुम्ही विचारता की मृत्यू किती आहेत. त्याऐवजी असं बघा: मृत्यू झाल्यावर पुस्तक थांबतं का? माझ्या मैत्रिणीच्या मूळ मजकुरात नवव्या प्रकरणानंतर खेळ एक अख्खं प्रकरण बंद आहे. उरलेली चार मुलं जेवायला बसतात आणि कुणीतरी चुकून पाच ताटं घेतं. पाचवं ताट परत कुणी ठेवायचं यावरून भांडण होतं. त्या प्रकरणात एकही दुवा नाही, आणि पूर्ण कादंबरीत मला तेच सगळ्यांत आवडलं. तुमच्या बदलांनंतर ते प्रकरण गेलं. जाणारच होतं, मुलगा कोठीत जिवंत असताना ताटाचं दुःख कशाला करायचं?

मरण असलंच पाहिजे असा माझा हट्ट आहे असं कृपया समजू नका. एरिश केस्टनर या जर्मन लेखकाची मुलांसाठीची 'एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज' ही कादंबरी, १९२९ ची, हिच्यात कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही. एमिलला आगगाडीत झोप लागते, खिशातले पैसे चोरीला जातात, मग शहरभरची पोरं चोराच्या मागे. पैसे एमिलचेच, हे सिद्ध कसं करायचं? त्याने ते हरवू नयेत म्हणून कोटाच्या आतल्या बाजूला टाचणीने टोचून ठेवलेले असतात. नोटांना भोकं पडलेली असतात. टाचणी आपल्यासमोरच टोचलेली होती. आपण ती पाहिली आणि विसरलो. आमच्या गटात त्या पानाला जी आरोळी उठली, ती अजून कुठल्या खुनाला उठलेली नाही. मला हवी आहे ती ही टाचणी. प्रेत आहे की नाही हा लेखकाचा प्रश्न. पण तुम्ही मुखपृष्ठावर कवटी छापता, शीर्षकात 'जीवघेणा' ठेवता आणि आत सगळ्यांना जिवंत ठेवता, तेव्हा पोराच्या झोपेची काळजी कुठे जाते? कवटी बघून ते घाबरणार नाही आणि पाचव्या ताटाने घाबरेल, असं तुमचं म्हणणं आहे का?

विनंती साधी आहे. शीर्षकातला शब्द ठेवायचा असेल तर आतली दोन माणसं मरू द्या. ती मरू द्यायची नसतील तर शब्द काढा, कवटी काढा, आणि लेखिकेला नवा खेळ रचायला वेळ द्या. चोरीचा असेल, हरवलेल्या वस्तूचा असेल, ती चांगला रचेल. आणि छापण्याआधी हस्तलिखित चार-पाच मुलांच्या हातात पडू द्या. बक्षीस म्हणून किंवा फोटो काढायला नको. त्यांना पेन्सिल द्या आणि समासात लिहू द्या.

हे शेवटचं मी उगीच म्हणत नाही. रडीच्या डावानंतर मुलांनी हट्टच धरला, म्हणून मैत्रिणीच्या परवानगीने मी त्यांना मूळ मजकूर वाचून दाखवला. म्हातारा मेला, मुलगा मेला, पाच ताटांचं प्रकरण झालं. खोली बराच वेळ शांत होती. एकीने डोळे पुसले आणि कुणी तिला चिडवलं नाही. नंतर ज्या मुलाने नियम वहीत उतरवले होते त्याने हात वर केला. चौथा नियम असा आहे, तो म्हणाला, की दिवा लागल्यावर दीपगृहाबाहेर पाऊल टाकेल तो बाद. पण नवव्या प्रकरणात तो मुलगा बाहेर पडतो तेव्हा दिवा लागलेलाच नसतो; दिवा दोन परिच्छेद पुढे लागतो.

"म्हणजे तो बाद नव्हताच," तो म्हणाला. "मग त्याला खेळाने नाही मारलं. खेळाचं नाव पुढे करून कुणीतरी मारलं."

हे मैत्रिणीच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. तुमच्या संपादकांनी दोन वेळा हस्तलिखित वाचून समासात एकोणीस सूचना केल्या होत्या, त्यांतही हे नाही. मी त्याच रात्री तिला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "थांब, मला नववं प्रकरण काढून बघू दे." गेले तीन आठवडे ती ते परत लिहिते आहे. हस्तलिखित तुमच्याकडे पुन्हा येईल तेव्हा त्यात खुनी बदललेला असेल.

आपली,
एका वाचनगटाची ताई

ता. क. चौथ्या नियमाची चूक पकडणाऱ्याला त्या दिवशी चिठ्ठ्यांचा डबा घरी न्यायला मिळाला. तो अजून परत आलेला नाही.